‘बेस्ट मेंटॉर’ निवडायचा कसा? गोल्ड मेडलिस्टला सोडा, सगळ्यात कच्च्या रेसिडेंटला फोन लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मेडिकल कॉलेजात असोसिएट प्रोफेसर असलेल्या मॅडमना डीननी यंदा ‘बेस्ट मेंटॉर’ अवॉर्डच्या कमिटीवर घातलंय. गेल्या वर्षी गुगल फॉर्मवर व्होटिंग घेतलं तर जे सर अटेंडन्स सोडतात ते निवडून आले, त्याच्या आदल्या वर्षी ज्यांचे रिसर्च पेपर सगळ्यात जास्त त्यांना दिलं तर हॉलमध्ये मागच्या रांगेतले रेसिडेंट, म्हणजे एमडी-एमएस करणारे डॉक्टर, एकमेकांकडे बघून हसले. आता चांगला मेंटॉर ओळखायचा कसा, आणि मान करायचा तर तो कसा करायचा?

मॅडम, मी ३१ वर्षं सरकारी मेडिकल कॉलेजांत मेडिसिन शिकवलंय, चार बदल्या झाल्या, चाळीसेक पोरंपोरी माझ्या सहीने एमडी होऊन गेली, आणि अशा अवॉर्डच्या कमिट्यांवर मी तीनदा बसलोय. त्यातल्या दोनदा आम्ही चुकीच्या माणसाला शाल घातली. त्यामुळे हे उत्तर थोडं अनुभवाचं आणि थोडं प्रायश्चित्ताचं आहे असं समजा, लांबलंय पण वाचा.

थेट सांगायचं तर थिसिसच्या गाइडच्या हुशार विद्यार्थ्याला काही विचारू नका. हुशार पोरगं कुणाच्याही हाताखाली तरून जातं, ते त्या गाइडचं नशीब. ज्याचा थिसिस रखडला होता, जो पहिल्या दोन महिन्यांत बॅग भरून घरी निघाला होता, ज्याच्याबद्दल वॉर्डातून तक्रार वर गेली होती, जी परीक्षेत एकदा आपटली होती, त्यांना शोधा आणि विचारा की त्या वेळी गाइडने नक्की काय केलं. माझ्या मते याच्याइतकी खरी परीक्षा दुसरी नाही, बाकी सगळं पूरक.

हे मी ठामपणे म्हणतो कारण एके काळी तो कच्चा रेसिडेंट मीच होतो. १९८९ साल, मी जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट. तेव्हा एमयूएचएस, म्हणजे राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नव्हतं, ते १९९८ ला आलं, आम्ही आपापल्या भागातल्या विद्यापीठाच्या नावाने परीक्षा द्यायचो. हॉस्पिटल कापसाच्या पट्ट्यातलं, पावसाळा लागला की फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट रोजचे, कॅज्युअल्टीत शिरलं की तो वास आधी यायचा आणि मग पेशंट दिसायचा. असाच एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आला, अ‍ॅट्रोपिन या उताऱ्यावर झकास रिस्पॉन्स, दुसऱ्या दिवशी आईशी बोलायला लागला, छाती क्लिअर, मी खूश. आयसीयूत बेडची मारामारी, म्हणून तिसऱ्या दिवशी मी त्याला वॉर्डात हलवला, कुणाला न विचारता. रात्री दोन वाजता वॉर्डबॉय मामा धावत बोलवायला आले, पोरगा निळा पडलेला. हा इंटरमीडिएट सिंड्रोम, विष पोटात गेल्यावर एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात, श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो मांडला होता, म्हणजे त्या वेळी अगदी ताजाच विषय. आणि त्याची सुरुवातीची खूण किती साधी, तर पेशंटला उशीवरून मान उचलता येत नाही. मी मान बघितलीच नव्हती! ट्यूब टाकली, हाताने श्वास द्यायची अंबू बॅग दाबत दाबत आयसीयूत नेला, नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होता, आणि वाचला.

सकाळी आठला आमच्या युनिटचे सर राउंडला आले. मी रात्रभर वाक्यं जुळवत बसलो होतो की काय सांगायचं, पण सरांनी मला आधी काही विचारलंच नाही, केस पेपर वाचला, पेशंटची मान स्वतः तपासली, आणि मला घेऊन बाहेर व्हरांड्यात त्याच्या वडलांकडे गेले. म्हणाले, काका, याची मान काल आम्ही तपासायला हवी होती, ती राहिली, आता आम्ही इथून हलत नाही. ‘आम्ही’ म्हणाले. आठवड्याच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या युनिटच्या एकाने खोचकपणे विचारलं की शिफ्ट कुणी केला, तर सर म्हणाले युनिट माझं आहे, पुढची केस घ्या. मला वाटलं सुटलो. संध्याकाळी ड्यूटी रूममध्ये दार लावून त्यांनी मला जे काही सुनावलं ते मी इथे लिहीत नाही, पण शेवटचं वाक्य असं होतं की उद्यापासून या वॉर्डात विष पिऊन आलेल्या प्रत्येक पेशंटची मान दर चार तासांनी तू तपासायचीस आणि वहीत लिहायचंस, रविवार धरून. मी तीन महिने लिहिलं. मग एक दिवस ती वही चाळून म्हणाले, तुझा थिसिसचा विषय बदलू, हाच घे.

आता यात बघा काय काय आहे. चारचौघांत पाठीशी उभे राहिले, पेशंटच्या बापाला खरं सांगितलं, बंद दाराआड मला जराही सूट दिली नाही, आणि माझ्या चुकीतूनच मला काम काढून दिलं. यातलं एक जरी वजा केलं तरी गणित बिघडतं. नुसतं पाठीशी घालणारे पुष्कळ असतात, त्यांच्याकडचा रेसिडेंट पुढे तीच चूक परत करतो. नुसतं झापणारे तर काय, वॉर्डावॉर्डात. त्यांच्याकडचे रेसिडेंट चुका करायचे थांबत नाहीत, फक्त सांगायचे थांबतात, आणि ते पेशंटच्या दृष्टीने जास्त वाईट. म्हणून मी पुढे कमिटीवर बसलो तेव्हा एक प्रश्न कायम विचारायचो, रात्री दोन वाजता तुझ्या हातून काही झालं तर पहिला फोन कुणाला करशील? पोरं खरं बोलतात यावर, कारण त्यांना कळत नाही की हा मेंटॉरशिपचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, गाइड आणि मेंटॉर हा घोळ आधी कमिटीतच मिटवून घ्या. गाइड नेमला जातो. एनएमसीचा, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा, नियम आहे म्हणून थिसिस आहे, थिसिस आहे म्हणून गाइड आहे, सिनॉप्सिस म्हणजे थिसिसचा आराखडा अ‍ॅडमिशननंतर सहा महिन्यांत, थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी, मध्ये एथिक्स कमिटी, रिसर्च मेथडॉलॉजीचा ऑनलाइन कोर्स, सगळ्यावर सह्या. हे सगळं वेळेत झालं म्हणजे माणूस कर्तव्यदक्ष गाइड आहे, छान आहे, त्याबद्दल पगार मिळतो. एमबीबीएसला २०१९ पासून नवा करिक्युलम आला, तेव्हापासून बहुतेक कॉलेजांत मेंटॉर-मेंटी याद्यासुद्धा नोटीस बोर्डावर लागतात, प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला दहाएक पोरं, महिन्यातून एकदा चहा, वहीवर सह्या आणि इन्स्पेक्शनसाठी फोटो. मी याची टिंगल करत नाही, कारण त्या दहातलं एखादं लातूरहून किंवा धडगावहून आलेलं पोरगं, ज्याला पहिल्या सेमिस्टरला इंग्लिशमध्ये व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, देता येत नाही, ते त्या चहामुळे टिकतं. पण यादीत नाव आहे म्हणून कुणी मेंटॉर होत नाही, आणि खूपदा पोरांचा खरा मेंटॉर यादीबाहेरचाच असतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या थिसिसवर गाइड म्हणून माझं नाव आहे पण तिला घडवलं ते अ‍ॅनास्थेशियाच्या एका लेक्चररनी, हे मला ती पास झाल्यावर तिच्याच तोंडून कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तेव्हा नॉमिनेशनचा फॉर्म ‘तुमच्या गाइडबद्दल लिहा’ असा काढू नका, ‘तुमच्यासाठी कोण उभं राहिलं’ असा काढा.

आणि हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असं नाही हं. २००६ ला जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये एक रिव्ह्यू आला होता, तोवरचे सगळे अभ्यास चाळून त्यांनी सांगितलं की निम्म्याहून कमी मेडिकल विद्यार्थ्यांना मेंटॉर आहे आणि काही शाखांत तर २० टक्क्यांहून कमी शिक्षकांना. शिक्षकांना! हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण धरून चालतो की असिस्टंट प्रोफेसर झाला म्हणजे तो आता तयार झाला. नव्या लेक्चररला, विशेषतः बॉन्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेल्याला, आपल्याकडे कुणीच वाली नसतो, त्याला ना रेसिडेंट आपला मानतात ना प्रोफेसर. तुमच्या अवॉर्डमध्ये ज्युनिअर फॅकल्टीला हात देणाऱ्यांचा विचार असू द्या.

आपल्याकडचं बघायचं तर २०२४ ला एनएमसीच्या टास्क फोर्सने मानसिक आरोग्यावर जो रिपोर्ट दिला तो काढून वाचा. ५ हजारांहून जास्त पीजींनी, म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांनी, उत्तरं दिली होती आणि त्यातल्या ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचं सांगितलं. म्हणजे दहाजणांच्या राउंडमध्ये तिघं. जवळजवळ ४५ टक्के आठवड्याला ६० तासांच्या वर काम करतात. हे वाचल्यावर मेंटॉरशिप म्हणजे पेपर लिहायला शिकवणं एवढाच अर्थ धरून अवॉर्ड देणं मला तरी जमत नाही. ड्यूटीचा चार्ट कोण बघतं, तीन इमर्जन्सी ड्यूट्या सलग लागलेल्या पोरीला कोण म्हणतं की तू जा झोप मी ओपीडी ओढतो, हे कुठल्याही सीव्हीत येत नाही.

आता खोट्या खुणा. पेपरांची संख्या ही सगळ्यात फसवी. प्रमोशनला पब्लिकेशन लागतं, तेही ठरावीक ऑथरशिपचं, त्यामुळे रेसिडेंटच्या थिसिसवर कुणाचं नाव कुठे बसतं यात सगळं राजकारण. ऑथर कुणाला म्हणायचं याचे आयसीएमजेईचे, म्हणजे मेडिकल जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, चार निकष आहेत, कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात वाटा, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि उद्या कुणी बोट दाखवलं तर उत्तर द्यायची जबाबदारी, चारही हवेत. आपल्याकडे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख असणं, हा पाचवा निकष आहे. तर ज्यांचे ८० पेपर आहेत त्यांच्या यादीत बघा की रेसिडेंट फर्स्ट ऑथर किती वेळा आहे, आणि कॉन्फरन्सला पोडियमवर कोण उभं होतं. एपिकॉनला, म्हणजे फिजिशियनांच्या वार्षिक कॉन्फरन्सला, स्वतःच्या खर्चाने रेसिडेंटला पाठवून स्वतः मागच्या खुर्चीत बसलेले सर मी बघितलेत, आणि रेसिडेंटच्या स्लाइड्स घेऊन स्वतः बोलणारेही.

याच विषयावर २०१६ ला जामामध्येच विनीत चोप्रा, डेना एडेल्सन आणि संजय सेंट यांनी ‘मेंटॉरशिप मालप्रॅक्टिस’ म्हणून सहा प्रकार सांगितले होते, ते वाचताना मला प्रत्येक ठिकाणी कुणा ना कुणाचा चेहरा दिसला, दोन ठिकाणी माझा. हायजॅकर म्हणजे तुमची आयडिया उचलून आपली म्हणून सांगणारा. एक्सप्लॉयटर म्हणजे आपली बिनमहत्त्वाची कामं पोरांच्या गळ्यात मारणारा, आपल्याकडे तर बँकेची आणि आरटीओची कामंसुद्धा निघतात. पझेसर, म्हणजे दुसऱ्या डिपार्टमेंटच्या कुणाला नुसतं काही विचारलं तरी तोंड पाडणारा, ‘माझा रेसिडेंट’ यातल्या माझावर जोर. हे तिघं दिसतात तरी. पुढचे तिघं गोड असतात म्हणून सापडत नाहीत. बॉटलनेक, ज्याच्या टेबलावर तुमचा ड्राफ्ट चार महिने पडून असतो आणि विचारलं की ‘बघतोय रे’, हा मी होतो, २००५ ते २००८ मध्ये एचओडीचा चार्ज असताना, दोन पोरांचे थिसिस माझ्यामुळे शेवटच्या आठवड्यात गेले. कंट्री क्लबर, याला कुणाशीच वाकडं नको, पोरांना फार आवडतो, पार्टी देतो, पण दुसऱ्या युनिटने पोरांवर अन्याय केला की याला अचानक मीटिंग असते. गुगल फॉर्मवर हाच निवडून येतो, तुमच्याकडे गेल्या वर्षी बहुतेक हेच झालं. आणि वर्ल्ड ट्रॅव्हलर, कॉन्फरन्स, एक्झामिनर, इन्स्पेक्शन, सतत बाहेर, नाव मोठं, पण पोरांना भेटतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर, विमानतळावरून.

आमची एक शाल अशीच एका वर्ल्ड ट्रॅव्हलरला गेली. माणूस वाईट नव्हता, शिकवायचा तर असा की फायनल इयरची पोरं पायऱ्यांवर बसून ऐकायची. चांगला टीचर आणि चांगला मेंटॉर एकच असं आम्ही धरलं, तिथे चुकलो. लेक्चर शंभर जणांसाठी असतं. त्याच सरांचा एक रेसिडेंट तेव्हा वर्षभर सुट्टीत घरी होता, डिप्रेशनमध्ये, आणि सरांना ते माहीतच नव्हतं, त्यांना वाटत होतं की तो दुसऱ्या युनिटला रोटेशनवर आहे. हे आम्हाला कळलं कधी तर समारंभ झाल्यावर, क्लार्ककडून.

क्लार्कवरून आठवलं, क्लार्कला विचारा. खरंच. पीजी सेक्शनच्या क्लार्कला सगळं माहीत असतं, कोणाच्या सह्या वेळेवर येतात, कोण स्टायपेंड अडकला तर स्वतः फोन करतं, कोणाच्या पोरांची एक्सटेन्शनं जास्त होतात. वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टरना विचारा. रेसिडेंट चुकला तर सर पेशंटसमोर ओरडतात का बाजूला घेऊन, हे त्यांना विचारल्याशिवाय कळायचं नाही.

ज्यांना द्यायला हवं होतं आणि दिलं नाही अशांपैकी एक मॅडम सांगतो. मायक्रोबायोलॉजी, म्हणजे जिथे पोरं बहुतेक नाइलाजाने येतात, रँक नाही लागली म्हणून. बुटक्याशा, आवाज बारीक, पेपर मोजके. त्यांच्याकडच्या एकाचा थिसिस एका रॅपिड टेस्टची कल्चरशी, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीशी, तुलना करायचा होता, आणि आकडे आले ते असे की टेस्ट काही कामाची नाही. पोरगं घाबरलं, एक्झामिनर काय म्हणेल, म्हणून त्याने सगळ्या नोंदींच्या मास्टर चार्टमध्ये आठ-दहा केसेस ‘जरा नीट’ केल्या. मॅडमनी रजिस्टर काढून एकेक सॅम्पल नंबर त्याच्या शेजारी बसून ताडून बघितला, तीन संध्याकाळी गेल्या, वर काही तक्रार केली नाही, चार्ट पुन्हा मूळचा करवून घेतला आणि जसा आला तसा निगेटिव्ह रिझल्ट लिहायला लावला. व्हायव्हाला ते पोरगं त्या निगेटिव्ह रिझल्टवर वीस मिनिटं बोललं म्हणे. त्याच मॅडमकडची एक मुलगी सर्जरीसाठी झुरत होती, रोज ओटीच्या बाहेर जाऊन उभी राहायची. डिपार्टमेंटला आधीच माणसं कमी, सीट सोडली तर दंड भरायचा, घरचे विरोधात. मॅडमनी तिच्या वडलांना बोलावून घेतलं, दोन तास बोलल्या, आणि स्वतःचा एकमेव जेआर जाऊ दिला. ती आज सर्जन आहे. स्वतःचं नुकसान करून पोराला जाऊ देणं, हे मला मेंटॉरशिपमध्ये सगळ्यात अवघड वाटत आलंय, मला ते एकदाच जमलं, तेही कुरकुरत. कमिटीत तेव्हा कुणी तरी म्हणालं, ‘नॉन-क्लिनिकलला कशाला?’ आणि मीही गप्प बसलो.

बायकांचा मुद्दा वेगळा विचाराच, विचारल्याशिवाय येत नाही. रेसिडेन्सीत लग्न होतं, बाळ होतं, मॅटर्निटी लीव्ह घेतली की टर्म पुढे जाते, बॅचबरोबरची परीक्षा हुकते. ती बातमी सांगायला पोरगी आली तेव्हा समोरच्याच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? ‘आता ड्यूट्या कोण करणार’ की ‘कुठल्या महिन्यात’? बायका हे पहिलं वाक्य वीस वर्षांनी शब्दन् शब्द सांगतात.

तसंच डीआरपी, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम. आता प्रत्येक पीजीला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. बरेच गाइड ते तीन महिने पोरगं मेलं असं धरून चालतात, ‘आला की बघू’. माझ्या ओळखीचे एक पीडियाट्रिक्सचे सर आहेत, त्यांची पोरगी नंदुरबारला होती तर दर शनिवारी रात्री नऊला फोन, आठवड्यातल्या एका केसबद्दल तिने सांगायचं, त्यांनी फक्त ऐकायचं. एकदा स्वतः एसटीने जाऊन आले. मी विचारलं, टीए म्हणजे प्रवासभत्ता मिळाला का, तर म्हणाले मी मागितलाच नाही, मला तिथला एनआरसी, कुपोषित मुलांचा वॉर्ड, बघायचा होता. बोलण्यात ते असेच, स्वतःवर काही घेत नाहीत.

बरं आता पद्धत, कारण तुम्ही कमिटीवर आहात आणि तुम्हाला काहीतरी कागदावर द्यायचंय. हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये बार्जर नावाच्या फिजिऑलॉजिस्टच्या आणि विल्यम साइलेन नावाच्या सर्जनच्या नावाने मेंटॉरिंगचे अवॉर्ड आहेत, आणि तिथे जोर असतो तो ज्यांना घडवलं त्यांच्या पत्रांवर, शिक्षकाने स्वतः अर्ज भरण्यावर नाही. आपल्याकडे डॉ. बी. सी. रॉय पुरस्कारात उत्कृष्ट वैद्यकीय शिक्षक असा विभाग होता, मोठा मान होता, पण तो साऱ्या कारकिर्दीचा मान, तुम्हाला हवंय ते यापेक्षा लहान आणि जवळचं. त्यामुळे माझं मत, नॉमिनेशन फक्त विद्यार्थ्यांकडून, आणि सध्याच्या विद्यार्थ्यांची पत्रं धरूच नका. ज्याची सही अजून बाकी आहे त्याच्या कौतुकाला किंमत शून्य. पास होऊन किमान दोन वर्षं झालेले, वेगवेगळ्या बॅचचे, पाच जण तरी, त्यातली दोन नावं कमिटीने स्वतः काढायची, पीजी सेक्शनच्या रजिस्टरमधून, आणि त्यात वर म्हटलं तसे अडखळलेले असले पाहिजेत. त्यांना पत्र लिहायला सांगू नका, पत्रात सगळे ‘फादर फिगर’ लिहितात. फोन करा, वीस मिनिटं, नाव गुप्त.

आणि फोनवर ‘सर कसे होते’ विचारू नका, स्टार द्या म्हणू नका. प्रसंग विचारा. सरांशी शेवटचा मतभेद कशावर झाला? ज्याला एकही आठवत नाही तिथे मला शंका येते, तीन वर्षांत एकदाही वाद नाही म्हणजे एकतर भीती होती नाहीतर संबंधच नव्हता. थिसिसचा पहिला ड्राफ्ट दिल्यावर परत किती दिवसांत आला, आणि त्यावर काय लिहिलं होतं? सरांनी कधी म्हटलं का की हे मला येत नाही, अमक्याकडे जा? तू नसताना तुझं नाव कुठे घेतलं असं नंतर कळलं का? फेलोशिपसाठी, जॉबसाठी, पेपरच्या रिव्ह्यूसाठी कुणाकडे शब्द टाकला, आणि तुला न सांगता टाकला? या शेवटच्या गोष्टीला तिकडे स्पॉन्सर म्हणतात, सल्ला देणारे पुष्कळ असतात, आपलं वजन खर्च करणारे थोडे. टोरांटो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन विद्यापीठांत केलेला एक अभ्यास २०१३ ला आला होता, त्यात जमलेल्या आणि फसलेल्या नात्यांबद्दल लोकांशी बोलून त्यांनी जे काढलं ते असंच साधं होतं, दोन्हीकडून देवाणघेवाण, एकमेकांबद्दल आदर, अपेक्षा आधीच स्पष्ट, आपलेपणा, आणि मूल्यं जुळणं. फसलेल्यांत संवादाचा अभाव, कमिटमेंट नसणं आणि मेंटॉरला शिष्याशी स्पर्धा वाटणं. शेवटचं आपल्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही पण सर्जिकल ब्रँचेसमध्ये विचारा, पोराचा हात चांगला बसला की काही सरांच्या लिस्टमध्ये त्याला अचानक केसेस मिळेनाशा होतात.

कमिटीत कोण असावं यावर तुमचं चालेल की नाही माहीत नाही, पण ज्याला अवॉर्ड मिळू शकतो असा कुठलाही एचओडी नको, बाहेरच्या कॉलेजचा एक जण हवाच, आणि ‘यंदा पॅराक्लिनिकलचा, म्हणजे मायक्रोबायोलॉजीसारख्या विषयांचा, नंबर’ असली पाळी लावलीत तर मग सोडतच काढा, वेळ तरी वाचेल. एखाद्या वर्षी कुणीच नाही सापडलं तर देऊ नका. आम्ही एकदा असं सुचवलं तर डीन म्हणाले हॉल बुक झालाय!

मान कसा करायचा, तर शाल-श्रीफळ द्या, त्याला माझा विरोध नाही, आईवडलांना फोटो दाखवता येतो. पण जो माणूस पोरांना वेळ देतो त्याची सगळ्यात मोठी अडचण वेळच असते, ओपीडी अडीचला संपते आणि त्यानंतर कॉलेज कौन्सिल, बायोमेडिकल वेस्ट कमिटी, अँटी रॅगिंग, सगळं त्याच्याच गळ्यात, कारण तो नाही म्हणत नाही. अवॉर्ड म्हणून त्याच्या दोन कमिट्या काढून घ्या. आठवड्यातली एक दुपार त्याला लेखी मोकळी द्या, वर्षभरासाठी, आणि ती दुसऱ्या कुणी ओढायची नाही. प्रमोशनच्या नियमांत पेपर मोजतात, हे मोजत नाहीत, ते तुमच्या हातात नाही. पण कॉन्फिडेन्शियल रिपोर्टमध्ये डीन दोन ओळी लिहू शकतात की इतक्या अडलेल्या पोरांना याने बाहेर काढलं, ते आजच्या आज होऊ शकतं, पैसा लागत नाही. आणि त्याच्या हाताखाली एक-दोन नवे लेक्चरर द्या, कारण हे बघूनच शिकता येतं, मी जे काही शिकलो ते सरांच्या त्या व्हरांड्यातल्या पाच मिनिटांत.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. समारंभ ५ सप्टेंबरला असेल तर फोन एप्रिलपासून सुरू करा, पास झालेली पोरं कुठे कुठे पांगलेली असतात, कुणी सुपरस्पेशालिटीत रात्रपाळीला, कुणी तालुक्याला स्वतःच्या हॉस्पिटलात, एकेकाला गाठायला आठवडा जातो. दुपारी तीन ते पाच लावा, तेव्हा उचलतात. आणि पहिल्या फोनला ‘सर छान होते’ असंच म्हणतील, तुमचा नंबर देऊन ठेवा. जे खरं सांगायचं असतं ते दोन दिवसांनी, रात्री उशिरा, स्वतःहून फोन करून सांगतात.